भीमसेनांचं पुणं पायी दाखवायचं तर: मार्ग, थांबे आणि काय ऐकवायचं

वाटाड्या

पंडित भीमसेन जोशींच्या पुण्याचा पायी फेरा बसवायचा आहे. दर खेपेला बारा ते पंधरा माणसं, रविवारी सकाळी सात ते दहा. कच्चा आराखडा टाकतो, त्यातली खोट काढा.

क्रम कालानुसार धरला आहे. पहिला थांबा हिराबाग. जानेवारी १९४६ मध्ये गुरू सवाई गंधर्व यांच्या षष्ट्यब्दीच्या (साठीच्या) समारंभात भीमसेन इथे गायले आणि पुण्याच्या रसिकांत नाव झालं. तेव्हा वयाची चोवीस वर्षंही पुरी झाली नव्हती. दुसरा थांबा सदाशिव पेठेतली रेणुका स्वरूप शाळा, जिच्या मैदानावर गुरूंच्या स्मरणार्थ सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव भरत असे. तिसरा शनिवार पेठेतली रमणबाग शाळा, जिथे तो २०१७ पर्यंत भरला. चौथा नव्या पेठेतलं 'कलाश्री', म्हणजे त्यांचं घर. पाचवा शिवाजीनगरला राहुल थिएटरजवळचं सवाई गंधर्व स्मारक. शेवट मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर, जिथे २०१८ पासून महोत्सव भरतो.

प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं माहिती आणि अर्ध्या मिनिटाचा गाण्याचा तुकडा, छोट्या स्पीकरवर.

जुनी_पेठ

थांबे बरोबर निवडलेत, क्रम मात्र पायांना झेपणार नाही. हिराबागेहून सदाशिव पेठ, तिथून लक्ष्मी रस्ता ओलांडून रमणबाग, मग उलटं वळून नव्या पेठेत, पुन्हा नदीपार शिवाजीनगर आणि शेवटी स्वारगेटच्याही पलीकडे मुकुंदनगर. कालक्रम सांभाळायला गावभर नागमोडी फिरावं लागेल. तीन तासांत निम्मी माणसं गळतील आणि जी उरतील त्यांना गाण्यापेक्षा सिग्नल जास्त आठवतील.

याचे दोन फेरे करा. पहिला दक्षिणेकडचा: स्वारगेट मेट्रो स्थानक, हिराबाग, रेणुका स्वरूप, नवी पेठ. हा माणसाचा फेरा, तरुण गवई गावात येतो तिथपासून त्याच्या घरापर्यंत. दुसरा नदीकडचा: शनिवारवाडा, रमणबाग, मेहुणपुऱ्यातलं गंधर्व महाविद्यालय, ओंकारेश्वरावरून पूल ओलांडून बालगंधर्व रंगमंदिर आणि मग स्मारक. हा गुरूचा आणि महोत्सवाचा फेरा. मुकुंदनगर दोन्हींतून काढा. मैदान रिकामं असताना तिथे दाखवण्यासारखं काही नाही. ज्याला जायचं त्याने डिसेंबरात तिकीट काढून महोत्सवालाच जावं.

दुसरं म्हणजे कालक्रम तोंडाने सांगता येतो, त्यासाठी तो चालावा लागत नाही. निघतानाच प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या, त्यावर पाचच ओळी: १९२२ जन्म, १९३६ च्या सुमारास कुंदगोळला गुरूकडे, १९४६ हिराबाग, १९५३ पहिला महोत्सव, २०११ निधन. माणसं चालता चालता तो बघत राहतात आणि 'हे आधी की ते आधी' हा प्रश्न दर थांब्यावर येत नाही.

मुठाकाठ

जुनी_पेठ यांना +१. आता चालण्याचा हिशेब.

एकटा माणूस पेठेत तासाला साडेचार किलोमीटर सहज चालतो. पंधरा जणांचा घोळका अडीच ते तीनच चालतो, कारण पदपथावर दोनच्या वर माणसं शेजारी मावत नाहीत आणि दर चौकात शेपूट तुटतं. पहिले पाच जण सिग्नलला सुटतात, बाकीचे अडकतात, पुढचे थांबत नाहीत. यावर उपाय एकच, शेवटी चालणारा दुसरा माणूस. त्याच्या अंगात ठळक रंगाचं काहीतरी असावं. तो चौक ओलांडल्याशिवाय पुढच्याने बोलायला सुरुवात करायची नाही. पंधरा हा वरचा आकडा समजा, बारा उत्तम.

रस्ता ओलांडायची जागा आदल्या रविवारी त्याच वेळी जाऊन ठरवा. टिळक रस्ता सात वाजता मोकळा वाटतो, साडेआठनंतर तसा राहत नाही. म्हणून तो सुरुवातीलाच ओलांडून टाकावा. थांबा निवडताना सूर्याकडेही बघा: ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं की पाच मिनिटांत लक्ष उडतं. ऊन बोलणाऱ्याच्या तोंडावर घ्यायचं.

स्वच्छतागृह हा या फेऱ्यांतला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा, आणि त्याची सगळ्यात जास्त गैरसोय बायकांना होते. पहिल्या फेऱ्यात निघण्याआधी मेट्रो स्थानकावरच सगळ्यांना स्पष्ट सांगा की पुढे दीड तास सोय नाही. दुसऱ्या फेऱ्यात बालगंधर्व मध्यावर येतं, पण सकाळी आत सोडतील का हे आधी विचारून ठेवा. माणशी अर्धा लिटर पाणी ज्याचं त्याने आणायचं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गणपतीचे दहा दिवस हे दोन्ही मार्ग विसरा, मांडवांमुळे गल्ल्या अर्ध्या होतात. पावसाळ्यात छत्र्या उघडल्या की पंधरा माणसांना तीस जणांची जागा लागते आणि बोललेलं ऐकू जात नाही. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा पादचारी दिनासाठी वाहनांना बंद असतो. तो दिवस रविवारी आला तर मार्ग आधी तपासा, गर्दी वेगळीच असते.

खर्ज

मार्गाचं तुम्ही बघताच आहात. मला गाण्याच्या तुकड्याबद्दल बोलायचं आहे, कारण फेरा खरा बिघडतो तो तिथे.

अर्ध्या मिनिटात भीमसेनांच्या किराणा घराण्याचं गाणं ऐकवता येत नाही. हिशेब करून बघा. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाच्या बारा मात्रा, म्हणजे ठोके. संथ लयीत एकेका मात्रेला चार सेकंद लागले तरी आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, अठ्ठेचाळीस सेकंदांचं झालं. तुमच्या तुकड्यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, तीसुद्धा येणार नाही. ऐकणाऱ्याला एक लांब 'आ' ऐकू येईल आणि तेवढ्यात बंद. ज्याला शास्त्रीय गाणं परकं आहे तो 'हे आपल्याला कळत नाही' हे पक्कं करून घरी जाईल.

त्यामुळे कमीत कमी दोन आवर्तनं ऐकवा, म्हणजे पावणेदोन ते दोन मिनिटं. तुकडा कापताना मुखडा (बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ) उठतो त्याच्या दोन मात्रा आधी सुरुवात करा. मग पहिली सम लगेच हाती लागते, नंतरचं अख्खं आवर्तन आलापाचं जातं आणि दुसऱ्या समेला माणूस आपोआप मान हलवतो. सम झाल्यावर दोन-तीन सेकंद तसंच राहू द्या, मग आवाज हळूहळू उतरवा. आलापाच्या मधेच खटकन कापलेला तुकडा ऐकवण्यापेक्षा काहीच ऐकवू नये.

ऐकवण्याआधी ठेका (तालाचे तबल्यावरचे बोल) एकदा तोंडाने म्हणा: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत ता, धागे तिरकिट, धी ना. 'तिरकिट' दोनदा येतं. दुसऱ्या तिरकिटानंतर 'धी ना' आणि की सम आली. एवढी एकच खूण दिली तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धरायला काठी मिळते. राग, थाट, वादी-संवादी रस्त्यावर सांगत बसू नका.

आता एक सोयीची गोष्ट. ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची असते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आणि सवाई गंधर्व या दोघांचं बरंचसं ध्वनिमुद्रण तसल्याच तबकड्यांवर आहे. म्हणजे ते न कापता, पूर्ण, एका थांब्यावर ऐकवता येतं. गायकाने तीन मिनिटांसाठीच बेतलेली ती वस्तू आहे. हिराबागेला भीमसेनांच्या आधी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी 'पिया बिन नहीं आवत चैन' लावा. हीच तबकडी लहानपणी कानावर पडून भीमसेनांना गाण्याचा ध्यास लागला, अकराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं. पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व त्यांना गुरू म्हणून लाभले. ही ठुमरी आणि पाठोपाठ भीमसेनांचा एखादा विलंबित ख्याल ऐकला की एक सूर घेऊन त्यावर राहणं, मग पुढच्या सुराकडे सरकणं ही किराण्याची बढत कुणाला शब्दांत सांगावी लागत नाही. आणि भीमसेनांच्या तानेचा जोर खाँसाहेबांकडे नाही, हेही तिथल्या तिथे कळतं. तो त्यांनी इतर घराण्यांच्या गवयांना कान देऊन मिळवला.

वाटाड्या

खर्ज, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन फेरे करतो आणि प्रत्येकात ऐकायचे तीनच तुकडे ठेवतो. स्पीकर कोणता घ्यावा?

खर्ज

कोणताच नको. कारणं तीन.

एक, तानपुऱ्याची जवारी (तारांची घुमणारी आस) आणि खर्जातला, म्हणजे अगदी खालच्या सुरांतला आलाप लहान स्पीकरमधून येतच नाही, रस्त्यावर तर नाहीच. ऐकणाऱ्याला फक्त तबल्याची टकटक जाते.

दोन, शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरलं जातं. तुमचे दोन थांबे शाळांचे आहेत. रविवारी शाळा बंद असली तरी समोर लोक राहतात आणि सकाळचे सात वाजलेले असतात.

तीन, पैसे घेऊन जमवलेल्या लोकांना ध्वनिमुद्रण ऐकवणं हे सार्वजनिक वादन ठरतं, त्याला परवाना लागतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९४२ साली आलेल्या तबकडीचा हक्क २००२ च्या अखेरीस संपला. भीमसेनांची पहिली तबकडी त्याच वर्षीची. खाँसाहेब आणि सवाई गंधर्व यांच्या जुन्या तबकड्या मोकळ्या आहेत, पण भीमसेनांच्या नंतरच्या लाँगप्ले आणि कॅसेटी बव्हंशी नाहीत.

मग करायचं असं: फेऱ्याच्या तीन दिवस आधी सगळ्यांना यादी पाठवा. कोणतं ध्वनिमुद्रण, कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत. प्रत्येकाने ते आपल्या फोनवर अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यायचं आणि थांब्यावर आपापल्या कानात ऐकायचं. वायरचे इयरफोन आणायला सांगा. बिनवायरचे पंधरा जोड जवळजवळ आले की कुणाचा तरी जोडला जात नाही आणि पाच मिनिटं त्यातच जातात. 'तिथे गेल्यावर नेटवरून लावू' म्हणणाऱ्याच्या आलापात मधेच जाहिरात येते, म्हणून उतरवून घेणं सक्तीचं ठेवा. आणि ऐकताना फोन विमान मोडवर.

संदर्भवही

माहिती सांगणाऱ्यांसाठी काही खड्डे दाखवून ठेवते. पुण्यात कुणीतरी हमखास विचारतं आणि चुकीचं सांगितलं की सगळ्या फेऱ्यावरचा विश्वास उडतो.

सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १२ सप्टेंबर १९५२ रोजी पुण्यात गेले. महोत्सव सुरू झाला १९५३ मध्ये, पहिल्या पुण्यतिथीला. '१९५२ पासून' असं सर्रास म्हटलं जातं, ते चूक. भीमसेनांच्या बरोबरीने तो उभा करण्यात गुरूंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांचा वाटा मोठा होता, ते नाव वगळू नका. संस्था आर्य संगीत प्रसारक मंडळ.

महोत्सव कितवा हे वर्षांची वजाबाकी करून काढू नका. २००२ मध्ये पन्नासावा झाला आणि २०१९ मध्ये सदुसष्टावा, इथपर्यंत गणित जुळतं. पण २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे झालाच नाही, अडुसष्टावा २०२२ मध्ये आला. भीमसेनांचं नाव महोत्सवाला त्यांच्या निधनानंतर जोडलं गेलं. त्याआधीच्या वर्षांबद्दल बोलताना नुसतं 'सवाई गंधर्व महोत्सव' म्हणा.

आता जागांच्या नावांचा घोळ. न्यू इंग्लिश स्कूल दोन आहेत, एक रमणबागेतलं आणि एक टिळक रस्त्यावरचं. निरोपात नुसतं 'न्यू इंग्लिश स्कूल' लिहिलंत तर चार माणसं टिळक रस्त्यावर उभी राहतील. महाराष्ट्रीय मंडळही तसंच, टिळक रस्त्यावर आणि मुकुंदनगरला. आणि गंधर्व तर तीन: जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व रंगमंदिर, शिवाजीनगरचं सवाई गंधर्व स्मारक आणि मेहुणपुऱ्यातलं गंधर्व महाविद्यालय. रिक्षावाल्याला 'गंधर्व' म्हटलं की तो बालगंधर्वलाच नेतो. निरोपात पेठ आणि जवळची खूण दोन्ही लिहा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक विधानावर मनाशी खूण करा: लेखी आधार आहे की ऐकीव आहे. भीमसेन कुठे चहा घेत, कुठल्या ठेल्यावर पान लावत, गाडी कुठे दुरुस्त करून घेत, याच्या कथा पेठेपेठेत आहेत. गाड्यांचं वेड खरं, मैफलींना ते स्वतः लांबलांब गाडी हाकत जात हेही सर्वश्रुत. पण त्यावरून अमुक गॅरेजसमोर उभं राहून 'हेच ते' म्हणायला आधार लागतो. तो नसेल तर थांबा काढून टाका. जागा कमी झाल्या तरी चालतील. चुकीच्या भिंतीपुढे उभं राहून पंधरा माणसांनी फोटो काढले की महिनाभरात ती भिंत खरी ठरते, आणि नंतर ते पुसायला कुणी येत नाही.

रमण_गल्ली

संदर्भवही, एक प्रश्न. ओळख पटवण्यासाठी वास्तूंवरचे निळे फलक पुरेसे धरावेत का? महापालिकेने बऱ्याच ठिकाणी लावलेत.

संदर्भवही

सुरुवातीला ठीक आहेत. पण फलक आजच्या इमारतीवर असतो आणि वाडा पाडून तिथे नवी इमारत उभी राहिलेली असते. 'इथे राहत' आणि 'या जागी पूर्वी असलेल्या वाड्यात राहत' यांत फरक करून बोला. ऐकणारा खिडकीकडे बघून कल्पना रंगवत असतो, ती खिडकी कालची असेल तर त्याला सांगायला हवं.

शेजारधर्म

'कलाश्री'बद्दल थोडं कडक बोलते. ते राहतं घर आहे, संग्रहालय नव्हे. पंधरा माणसं फाटकासमोर उभी राहिली की शेजाऱ्यांची वाट अडते, मुलांच्या सायकली अडतात. म्हणून काही गोष्टी पाळा.

बोलणं घरापाशी करायचंच नाही. आधीच्या वळणावर, जिथे रस्ता रुंद आहे, तिथे सगळं सांगून घ्या. मग घरासमोरून न थांबता, आवाज न करता, दोन-दोनच्या रांगेने जायचं. फार तर अर्धा मिनिट. घंटी वाजवायची नाही, फाटकातून हात घालून फोटो नाहीत, कुटुंबातलं कुणी दिसलं तर हाक मारायची नाही. घरच्यांचा खासगी इतिहास हा फेऱ्याचा विषय नाही, कुणी विचारलं तर तेवढंच सांगा.

वळणावर सांगायला दोन गोष्टी भरपूर आहेत. पहिली: कलाश्री हे त्यांनी बांधलेल्या रागाचंही नाव आहे, कलावती आणि रागेश्री यांच्या मिलाफातून आलेला. दुसरी: २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झालं तेव्हा प्रकृतीमुळे दिल्लीला जाणं शक्य नव्हतं, पुढच्या फेब्रुवारीत तो सन्मान याच घरी देण्यात आला. एवढं ऐकून माणूस त्या घरासमोरून आपोआप हळू चालतो.

वैकुंठ स्मशानभूमी जवळ आहे. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले आणि अंत्यसंस्कार तिथे झाले. पण फेरा तिकडे नेऊ नका. तिथे रोज कुणाचं तरी माणूस आलेलं असतं.

खर्ज

शेजारधर्म यांचं शब्दशः मान्य. फक्त कलाश्री राग तिथे ऐकायला सांगू नका. तो रात्रीचा, सकाळी साडेआठला कानाला लागत नाही. यादीत 'घरी गेल्यावर, रात्री जेवणानंतर' अशी वेगळी नोंद करा. सकाळच्या फेऱ्यात तोडी हा सकाळचा राग घ्या. भीमसेनांची तोडी मिळायला अडचण नाही आणि वेळही साधते.

जुनी_पेठ

दुसऱ्या फेऱ्यातल्या मेहुणपुऱ्याबद्दल कुणी हरकत घेण्याआधीच लिहितो. गंधर्व महाविद्यालय विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये काढलं, ते ग्वाल्हेर घराण्याचे. भीमसेनांशी थेट संबंध नाही हे मान्य. तरी रमणबागेपासून ते हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे दोन मिनिटं थांबून एक गोष्ट दाखवता येते: भीमसेन पुण्यात आले तेव्हा हे गाव रिकामं नव्हतं. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज होता, विनायकबुवांची शाळा होती, नाटकमंडळ्यांच्या पदांवर पोसलेला जाणता श्रोता होता. असल्या गावात बाहेरून आलेल्या तरुणाने नाव काढलं, याचं वजन त्याशिवाय कळत नाही. पण थांबा दोन मिनिटांचाच. भास्करबुवांच्या समाजाकडे वळू नका, तो वेगळ्या फेऱ्याचा विषय आहे. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने या खाँसाहेबांच्या मुलांचाही तसाच स्वतंत्र होईल.

बालगंधर्वला मात्र कारण आहे. सवाई गंधर्व स्वतः संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करत. बालगंधर्व १८८८ चे, हे १८८६ चे. बालगंधर्व घरोघरी पोचलेले असताना यांना 'सवाई' म्हटलं गेलं, म्हणजे सव्वापट. ही तुलना रंगमंदिराच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगितली की बरोबर बसते. वास्तूचं उद्घाटन २६ जून १९६८ ला झालं, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी. ते स्वतः आदल्याच वर्षी गेले होते. आत सोडलं तर गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रं दाखवा, स्त्रीवेशातलं आणि पुरुषवेशातलं. नुसत्या शब्दांनी समजत नाही असं बरंच त्यांत आहे.

मुठाकाठ

तिथून स्मारक साधारण दोन किलोमीटर. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद आहेत, चालायला त्रास नाही. पण संचेती चौकापुढे गणेशखिंड रस्त्यावर धूर आणि आवाज दोन्ही वाढतात, तिथे बोलायचं नाही, फक्त चालायचं. ज्येष्ठ मंडळी असतील तर बालगंधर्वपासून दोन-तीन रिक्षा करा आणि तो खर्च आधीच शुल्कात धरा. वाटेत भाडं जमवायला लागलात की दहा मिनिटं गेली.

रमण_गल्ली

रमणबागेच्या मैदानाबद्दल. आत जायचं तर शाळेला लेखी पत्र लागतं, किमान तीन आठवडे आधी. तारीख, वेळ, माणसांची संख्या आणि एका जबाबदार माणसाचा फोन लिहा. 'संगीत सहल' असं मोघम लिहू नका, 'मैदान पाहणे, वीस मिनिटे, ध्वनिवर्धक नाही' असं लिहा. रविवारी स्पर्धा-परीक्षांचं केंद्र असण्याची शक्यता असते, म्हणून शुक्रवारी पुन्हा विचारा. परवानगी नसेल तर फाटकाबाहेरूनही काम होतं.

आत गेलात तर एक गोष्ट करून घ्या. मंच कुठल्या अंगाला असे ते सांगा आणि सगळ्यांना मैदानाच्या लांबच्या टोकाला उभं करा. मग तुम्ही मंचाच्या जागी जाऊन साध्या आवाजात एक वाक्य बोला, काही पोचणार नाही. मग विचारा, हजारो माणसं, पुढे भारतीय बैठक, मागे खुर्च्या, आणि तानपुऱ्याची आस शेवटच्या माणसापर्यंत न्यायची तर ध्वनिव्यवस्थेला काय करावं लागत असेल. आजूबाजूला घरं असल्यामुळे भोंग्यांची तोंडं आणि उंची दोन्ही जपावी लागते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद हा नियम काटेकोर झाल्यापासून रात्रभराच्या मैफली गेल्या, आणि त्यांच्याबरोबर उत्तररात्रीचे राग योग्य वेळी जाहीर मैफलीत ऐकण्याची संधीही. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पहाटेपर्यंत नाही. मैदान बघताना हे सांगितलंच पाहिजे. ललतसारखा पहाटेचा राग समोर बसून ऐकायला आज माणसाला पहाटेची वेगळी बैठक शोधावी लागते.

वाटाड्या

सगळं धरून नवं वेळापत्रक.

पहिला फेरा: ६:५० ला स्वारगेट मेट्रो स्थानकावर जमणे, ७:०० ला निघणे. ७:१५ ते ७:४० हिराबाग, बाहेरूनच, झिंझोटीची तबकडी पूर्ण. टिळक रस्ता ओलांडून ८:०५ ते ८:२० रेणुका स्वरूप, महोत्सवाची सुरुवात आणि तोडीची दोन आवर्तनं. ८:५० ला नवी पेठ, अलीकडच्या वळणावर दहा मिनिटं, मग 'कलाश्री'वरून शांतपणे. ९:१५ ला विसर्जन.

दुसरा फेरा: ७:०० शनिवारवाड्याचं पटांगण, ७:२० ते ७:४५ रमणबाग, ७:५० मेहुणपुरा, ८:२० ते ८:४० बालगंधर्व, ९:१५ स्मारक. शेवटी काय ऐकवावं?

खर्ज

महोत्सव ज्याने संपतो तेच. सवाई गंधर्वांची भैरवी, 'बिन देखे परे नहीं चैन'. महोत्सवाच्या अखेरीस ती तबकडी लावतात, त्यानंतर कुणी गात नाही. तुम्हीही नंतर बोलू नका. आभार, पुढच्या फेऱ्याची तारीख, पैशांचा हिशेब, सगळं तिच्या आधी उरकून घ्या. स्मारकात आत बसून ऐकायला मिळालं तर उत्तम, म्हणून उघडण्याची वेळ त्या आठवड्यात फोन करून विचारा. बंद असेल तर फाटकाजवळच्या सावलीत उभं राहून ऐका.

शेजारधर्म

आणि तबकडी कानात ऐकायची असल्याने सगळ्यांची एकाच वेळी संपत नाही. कुणाचं आधी सुरू झालेलं असतं. शेवटचा इयरफोन काढेपर्यंत कुणी हलायचं नाही, हे भैरवी लावायच्या आधी सांगा.

वाटाड्या

नोंदवलं. रमणबागेचं पत्र आज लिहितो.